विजेचें वादळ आणि माशांचा श्वास

वळवाचे ढग आभाळांत चढूं लागले म्हणजे शेतकऱ्याची धांदल कशी उडते हें वाचकांस सांगावयास नको. खळ्यावरचा कांदा झांकावयाचा, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढावयाची, झाडाखालीं बांधलेलीं जनावरें सोडून गोठ्यांत आणावयाचीं, हीं कामें पिढ्यानुपिढ्या अंगवळणीं पडलेलीं आहेत. परंतु गेल्या कांहीं वर्षांत वस्तीवर एक नवें जित्राब आलें आहे व त्याची गणना या धांदलींत अद्याप फारसें कोणी करीत नाहीं. तें म्हणजे गोठ्यापलीकडे ताडपत्रीच्या गोल टाकींत पाळलेले मासे. या माशांना वारा लागत नाहीं, गारा लागत नाहींत, आणि वीजहि सहसा लागत नाहीं. तरी वादळाच्या रात्रीं टाकीच्या टाकी मेल्याची वार्ता दरसाल कोठून ना कोठून कानीं येते. हे मासे कां मरतात, आणि त्यांत वादळाचा दोष किती व आपल्या योजनेचा किती, याविषयीं आमचें मत आज मांडावयाचें आहे. माळकरी वाचकांस विषय रुचणार नाहीं. परंतु जीव वांचविण्याची गोष्ट आहे म्हणून त्यांनीं तो सहन करावा.

आपल्याकडे मासे पाळण्याच्या दोन रीति चालू आहेत. एक शेततळ्यांत मासे सोडण्याची. २०१६ सालीं राज्यांत ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाल्यापासून शेततळीं पुष्कळ झालीं, आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडून वर्षाकांठीं चार पैसे मिळविणारे शेतकरी ठिकठिकाणीं आहेत. दुसरी रीति टाकींत दाटीनें मासे वाढविण्याची. हिला बायोफ्लॉक म्हणतात. हींत पाणी वरचेवर बदलावयाचें नसतें. माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य यांपासून जो अमोनिया निर्माण होतो, तो पाण्यांत गूळ किंवा उसाची मळी घालून वाढविलेले जंतु खाऊन टाकतात, आणि त्या जंतूंचे पुंजके पुन्हां माशांचें अन्न होतात. युक्ति सुरेख आहे यांत शंका नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेनें अशा टाक्यांसाठीं सर्वसाधारण वर्गास ४० टक्के आणि अनुसूचित जाति-जमाति व स्त्रिया यांस ६० टक्के अनुदान ठेविलें, त्यामुळें लहान जमीनधारकांचेंहि लक्ष तिकडे गेलें. दोन गुंठ्यांत होणारा धंदा म्हणून तरुण मंडळी त्यांत उतरली, व बाकीची रक्कम बहुतेकांनीं कर्जाऊ काढली.

पण या साऱ्या युक्तीचा भार एका यंत्रावर आहे. तें यंत्र म्हणजे हवेचा पंप. शहरांत हौशी लोक दिवाणखान्यांत कांचेच्या पेटींत रंगीत मासे ठेवतात, त्या पेटीशेजारीं घरघर करणारी जी लहानशी डबी असते, तिचाच हा थोरला भाऊ समजावा. डबींत विद्युच्चुंबकानें थरथरणारा रबरी पडदा असतो; टाकीवर तोच पडदा मोठ्या आकाराचा असतो, किंवा त्याच्या जागीं फिरत्या चाकाचा ब्लोअर असतो. काम दोघांचें एकच, हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांत सोडीत राहणें. कांचेच्या पेटींतला पंप थांबला तर पांच-सहा मासे वर येऊन तोंडें हलवूं लागतात, आणि मुलांच्या डोळ्यांस पाणी येतें. टाकीवरचा थांबला तर हप्ता बुडतो.

पाण्यांत प्राणवायु किती थोडा असतो याची कल्पना बहुतेकांस नसते. आपण ज्या हवेंत श्वास घेतों तिचा सुमारें एकपंचमांश भाग प्राणवायु असतो. पाण्याची गोष्ट निराळी. ३० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत हवेंतून लिटरमागें साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायु मावतो. २० अंशांस नऊ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे उन्हाळ्यांत सांठा कमी, आणि पाणी तापलें कीं माशाचा खर्च मात्र अधिक. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें हिशोब मांडल्याखेरीज आमचें समाधान होत नाहीं, तेव्हां तोहि येथें मांडतों. चार मीटर व्यासाच्या टाकींत सव्वा मीटरला थोडें कमी इतकें पाणी भरलें म्हणजे तें सुमारें १५,००० लिटर होतें. त्यांत लिटरमागें सहा मिलिग्रॅम प्राणवायु आहे असें धरलें, तर साऱ्या टाकींत मिळून ९० ग्रॅम झाला. लहान मुलाच्या मुठींत मावेल इतक्या साखरेच्या वजनाचा. लिटरमागें दोन मिलिग्रॅमच्या खालीं उतार झाला कीं बहुतेक मासे मरणाच्या दारांत उभे राहतात, म्हणून वापरावयास मिळणारा सांठा ६० ग्रॅमच. आतां टाकींत ३०० किलो मासे आहेत असें समजा. जात, वजन व उष्णता यांप्रमाणें कमी-अधिक होतें, तरी किलोमागें तासाला सुमारें पाव ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमपर्यंत प्राणवायु मासा घेतो; तीन दशांश ग्रॅम धरला तर तासाचा खर्च ९० ग्रॅम. आणि पाण्यांतले जंतु? तेहि श्वास घेणारेच. दाट फ्लॉक असेल तर त्यांचा खर्च माशांच्या बरोबरीनें होऊं शकतो. एकूण तासाला १८० ग्रॅम खर्च आणि ६० ग्रॅम शिल्लक. वीस मिनिटें!

हिशोब ढोबळ आहे. पाण्याच्या पृष्ठभागांतून थोडी हवा मिसळत राहते, आणि गुदमरूं लागलेला मासा हालचाल कमी करतो, म्हणून ही मुदत थोडी लांबते. उपाशी माशांची अधिक लांबते, नुकतें खाद्य घेतलेल्यांची कमी होते. तरी दाटीच्या टाकीस पाऊण तासाच्या पलीकडे कोणी भरंवसा देऊं नये.

हेच ३०० किलो मासे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा उतरत्या कांठाच्या शेततळ्यांत असते तर? त्यांत २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतें. वरच्याच रीतीनें मांडलें तर नुसत्या माशांना आंतला प्राणवायु चार दिवस पुरावा. प्रत्यक्षांत तितका पुरत नाहीं, कारण तळ्यांतलें हिरवें शेवाळ दिवसा प्राणवायु देतें तसेंच रात्रीं तो घेतेंहि. ढगाळ दिवसानंतरची पहांट म्हणूनच सर्वांत वाईट. शिवाय वळवाचें थंड पाणी खालीं जाऊन तळचें कुजकट पाणी वर आलें तर शेततळ्यांतहि मासे तोंडें वर काढतात. पण एक रात्र तरी निघते. टाकी आणि तळें यांत खरा फरक आहे तो या एका रात्रीचा.

आतां विजेकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं पंप जळावयास वीज पंपावरच पडली पाहिजे. तसें नाहीं. फर्लांगभर दूर तारेवर किंवा तारेजवळच्या झाडावर वीज पडली तरी तारेंत एक जबर लाट उत्पन्न होते. ती हजारों व्होल्टांची असते आणि सेकंदाच्या लक्षांशांत येऊन जाते. फ्यूजची तार वितळावयास किंवा एम.सी.बी. पडावयास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशीं माणूस फ्यूज पाहतो, तो शाबूत; आणि मोटर मात्र मेलेली, हा चमत्कार वाटतो तो चमत्कार नव्हे. आंतल्या तारेवरचा रोगणाचा थर त्या क्षणांत फुटून गेलेला असतो. ही लाट जमिनींत उतरविणारा सर्ज प्रोटेक्टर बाजारांत मिळतो, व तो बसवावाच. परंतु त्याच्या पायाशीं चांगलें अर्थिंग नसेल तर तो म्हणजे सांडवा नसलेला बंधारा होय. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा एकदां भरला कीं त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. चैत्र-वैशाखांत माती भुकटीसारखी कोरडी होते, आणि नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यांत उन्हाळाभर आठवड्यास घागरभर पाणी ओतणें याला दमडी पडत नाहीं.

रेडिओ, टीव्ही, पिठाची चक्की यांच्या मालकास शहाणी माणसें एकच सांगतात, गडगडाट सुरू झाला कीं बटण बंद करून प्लग काढून ठेवा. हा उपाय उत्तम व फुकटचा आहे. पण माशांच्या टाकीवाल्यास तो चालत नाहीं, कारण प्लग काढला कीं श्वासच काढला. न काढावा तर पंप जळण्याची भीति, काढावा तर मासे मरण्याची.

याहूनहि अवघड पेंच पुढेंच आहे. विजा चमकत असतां माणसानें टाकीपाशीं जावें काय? टाकीला लोखंडी जाळीचा वेढा, खालीं चिखल, वर उघडें आभाळ, पंपाची खोली पत्र्याची. नोकरींत असतांना वीज पडून मेलेल्या माणसांचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले, आणि त्यांत झाडाखालीं आडोशास उभा राहिलेला जसा असे तसा ‘मोटर बंद करावयास गेला होता’ असाहि असे. आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणजे मैलास पांच सेकंद. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईतों ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आंत आहे. पक्क्या घरांत जावें, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून निदान अर्धा तास बाहेर पडूं नये, असा जाणत्यांचा नियम आहे. म्हणजे एकीकडे माणसास अर्धा तास थांबणें प्राप्त, दुसरीकडे माशास अर्ध्या तासाचीच मुदत. हीं दोन गणितें शेजारीं ठेविलीं म्हणजे आमचें म्हणणें काय तें आपोआप दिसेल. वादळांत टाकीचा बचाव माणसाच्या धांवण्यावर ठेवूंच नये. तो वादळाच्या आधीं झालेला असला पाहिजे.

कसा, तें सांगतों. टाकीस दोन श्वास पाहिजेत. एक तारेवरचा आणि दुसरा तारेशीं कांहींहि संबंध नसलेला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे हवेचे पंप मिळतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी ६० वॅटचा असा पंप दहा तास चालतो. मुख्य पंपाएवढा वारा तो देणार नाहीं, माशांची वाढहि त्यावर व्हावयाची नाहीं. पण त्यांचा जीव तगून राहण्यास जो वेळ हवा तो लांबतो, आणि वादळ निवळल्यावर माणसास सुरक्षितपणें जनरेटरपर्यंत जातां येतें. आभाळ भरून येतांच, पहिला गडगडाट होण्याच्या आधींच, हा पंप सुरू करावा आणि मुख्य पंप तारेपासून तोडावा. नुसतें बटण बंद करून नव्हे, प्लग ओढून किंवा मेन स्विच पाडून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें केलेलें ‘दामिनी’ नांवाचें मोबाईलवरचें साधन आसपास विजा पडत असल्याची सूचना देतें. घरांत एकाच्या तरी मोबाईलवर तें असावें. यामुळें वर सांगितलेला प्लगचा पेंच सुटतो, आणि माणूसहि घरांत राहतो.

येथें एक बारीक गोष्ट सांगणें जरूर आहे, कारण विक्रेते ती सांगत नाहींत. वीज गेली कीं आपोआप बॅटरीवर जाणारे पंप ते दाखवितात, आणि ते चांगलेहि आहेत. पण तें यंत्र पहारा करतें तें तारेंतल्या विजेवर. वादळानें तारेंतली वीज गेलीच नाहीं आणि पंप तेवढा जळला, तर या पहारेकऱ्याच्या लेखीं सर्व ठीक! दिवा जळत आहे, मासे मरत आहेत, असा प्रकार होतो. पहारा हवेवर पाहिजे. हवेच्या मुख्य नळीवर दाब कमी होतांच घंटा वाजविणारा स्विच बसवितां येतो, आणि ती घंटा टाकीपाशीं न ठेवतां निजण्याच्या खोलींत ठेवावी.

दुसरी बारीक गोष्ट पंपाच्या जागेची. पंप टाकींतील पाण्याच्या पातळीहून खालीं ठेवला असेल, तर तो थांबतांच पाणी नळींतून उलट खेंचलें जाऊन पंपांत शिरतें. मग वीज परत आली तरी पंप परत येत नाहीं. कांचेच्या पेटीवाल्यांस हा अनुभव जुना आहे; ते पंप उंच फळीवर ठेवतात किंवा नळींत एकाच दिशेनें हवा जाऊं देणारी झडप बसवितात. झडपेची किंमत किरकोळ असते. टाकीवाल्यांनीं दोन्ही करावें.

जनरेटर घेतला म्हणजे काम झालें असेंहि समजूं नये. आमच्या तालुक्यांतील एका होतकरू शेतकऱ्यानें टाक्यांबरोबरच जनरेटर घेतला होता. वर्षभर त्याची गरज पडली नाहीं. परतीच्या पावसांत एका रात्रीं डीपीवर वीज पडली, वादळ निवळल्यावर गृहस्थ कंदील घेऊन गेले, तों डिझेलचा डबा रिकामा. तें गेल्या पंधरवड्यांत मळणीयंत्रास वापरलें गेलें होतें. मोटारसायकलवर पंपापर्यंत जाऊन येण्यास दीड तास लागला. चार टाक्यांपैकीं ज्या एका टाकींत लहान बोटुकलीं होतीं तेवढी वांचली, कारण तींत वजन कमी होतें. उरलेल्या तिहींत पांच महिन्यांचें खाद्य आणि बँकेचे पैसे पालथे पडले. बैल नीट चालतो कीं नाहीं हें आपण पेरणीच्या दिवशीं पाहत नाहीं, आधीं पाहतों. जनरेटर व बॅटरी दर अमावास्या-पौर्णिमेस मुद्दाम मुख्य पंप बंद करून चालवून पाहावीं, आणि तिचें डिझेल दुसऱ्या कोणत्याहि कामास न देण्याचा घरांत दंडक असावा.

एवढें करूनहि पंप बंद पडलाच तर? तर प्रथम पाण्याकडे पाहावें, यंत्राकडे मागाहून. आमचा अनुभव असा कीं माणूस पेचकस घेऊन तासभर पंप उकलीत बसतो, आणि पाठीमागें मासे उलटे होतात. मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडीत असतील तर एकजण तरी पाण्याशीं राहिला पाहिजे. बादलीनें पाणी उचलून हातभर उंचीवरून ओतीत राहावें. डिझेल इंजिन असेल तर टाकींतलेंच पाणी उचलून फवाऱ्यासारखें परत सोडावें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी सरळ नळीनें तळांत सोडूं नये, कारण जमिनीखालच्या पाण्यांत प्राणवायु बहुधा कमीच असतो. तेंहि उंचावरून फुटून पडलें पाहिजे. खाद्य ताबडतोब बंद करावें. जवळ शेततळें असेल तर टाकींतले निम्मे मासे जाळ्यानें तिकडे हलवावे. उरलेल्या निम्म्यांची मुदत तितकी वाढते. प्राणवायूच्या गोळ्या दुकानांत मिळतात, त्यांनीं थोडा वेळ मिळतो, रात्र निघत नाहीं. मरळ, मांगूर यांसारखे मासे वरची हवाहि घेतात म्हणून ते तगतात; मात्र परदेशी मांगूर पाळण्यास आपल्या देशांत बंदी आहे हें विसरूं नये.

पाण्याची व्यवस्था लागल्यावर यंत्र पाहावें. आधीं वीज तोडून, हात व पाय कोरडे करून. लहान पंप गुणगुणतो पण हवा देत नाहीं, असें असेल तर रबरी पडदा किंवा आंतली झडप फाटलेली असते. हे सुटे भाग जवळ ठेवावे, बदलावयास पंधरा मिनिटें लागतात. गुणगुणणें नाहीं आणि जळक्या रोगणाचा वास आहे, तर वेटोळें गेलें. त्यावर रात्रीं वेळ घालवूं नये. तीन फेजच्या ब्लोअरवर निराळी काळजी. वादळानंतर तीन फेजांपैकीं एक न येणें ही नित्याची गोष्ट आहे. त्या स्थितींत मोटर नुसती घुरघुरते आणि थोड्याच वेळांत जळते, म्हणून टेस्टरनें तिन्ही तारा पाहिल्यावांचून स्टार्टर दाबूं नये. आणि लाइन तुटून पुन्हां जोडली असेल तर फेजांचा क्रम उलटून मोटर उलटी फिरूं शकते. पाणबुडी मोटर उलटी फिरली तर पाणी कमी येतें, हें आपण जाणतों. रिंग ब्लोअर उलटा फिरला तर आवाज तसाच येतो पण वारा उलट बाजूनें वाहूं लागतो. आवाजावर विसंबून घरीं जाऊन निजलेल्याची सकाळ वाईट उजाडते. बुडबुडे डोळ्यांनीं पाहावे. आणखी असें कीं वीज परत येतांच आपोआप सुरू होणारे ऑटो स्विच गांवांतल्या साऱ्या मोटरींस असले म्हणजे सर्व मोटरी एकाच क्षणीं उठतात, दाब खचतो, आणि डीपीचा फ्यूज पुन्हां जातो. म्हणून वीज आल्यावरहि बॅटरीचा पंप तासभर चालूच असूं द्यावा.

पंप बरेच तास बंद राहिला असेल तर फ्लॉक तळाशीं बसून काळा पडतो व त्याला कुजक्या अंड्याचा वास येऊं लागतो. अशा वेळीं एकदम जोराची हवा सोडून तो गाळ वर ढवळूं नये; आधीं तळच्या नळानें तो काढून टाकावा, मग हवा द्यावी. अमोनिया खाणारे जंतूहि प्राणवायूवांचून दुबळे झालेले असतात, तेव्हां पुढचे कांहीं दिवस पाणी तपासून खाद्य हात राखूनच टाकावें.

पण हे सर्व उपाय झाले नंतरचे. मूळ दोष आमच्या मतें माशांच्या संख्येंत आहे. टाकींत किती मासे सोडावे हें आज ठरतें पंपाच्या ताकदीवरून आणि विक्रेत्याच्या कागदावरून. तें ठरावयास पाहिजे दुसऱ्या श्वासाच्या ताकदीवरून. येथें आम्हांस आमच्या जुन्या खात्यांतील एक गोष्ट आठवते. १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबांनीं जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचें बारीक गणित करून सारा बसविला. कागदावर गणितांत खोड काढावयास जागा नव्हती. पण वाईट साल आलें कीं तो सारा रयतेस झेपेना, आणि जमिनी पडीक पडूं लागल्या. शेवटीं इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून गोल्डस्मिड व विंगेट यांस नवी पाहणी करून दर उतरवावे लागले. टाकीवरील माशांची आकारणी आपण प्रिंगल साहेबांसारखीच चांगल्या सालावर करीत आहों. ३०० किलोंच्या जागीं १५० किलो मासे ठेविले तर माशांच्या खर्चापुरती मुदत दुप्पट होते, खाद्य कमी लागल्यानें फ्लॉकहि तितका दाट होत नाहीं, आणि लहान बॅटरीहि पुरते.

यावर तरुण मित्र म्हणतील कीं निम्मे मासे ठेवले तर हप्ता कसा फिटेल? प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर सर्वांस एकच देतां येणार नाहीं. ज्याच्यापाशीं आपोआप लागणारी दुसरी सोय आहे, ती पंधरवड्यास तपासलेली आहे, आणि घरांत रात्रीं उठणारें माणूस आहे, त्यानें दाटीनें मासे ठेवावे. ज्याच्यापाशीं यांतलें कांहीं नाहीं, त्यानें १५० किलोंवर जो हप्ता फिटेल तेवढेंच कर्ज काढावें, किंवा मासे शेततळ्यांत सोडून टाकीचा नाद सोडावा. हप्ता ३०० किलोंच्या हिशोबानें ठरवून टाकी एका तारेच्या भरंवशावर सोडणें ही शेती नव्हे, सोडत आहे.

गांवांतल्या आठ-दहा टाकीवाल्यांनीं मिळून एक जनरेटर घ्यावा, अशी सूचना संस्थेच्या गेल्या बैठकींत कोणी केली. हेतु चांगला आहे, पण आम्हांस ती पटत नाहीं. वादळ आलें कीं तें साऱ्यांवर एकाच वेळीं येतें. पहिल्या अर्ध्या तासांत तो जनरेटर कोणाच्या टाकीवर न्यावयाचा? भाऊबंदकीस नवें कारण मात्र मिळेल. बॅटरीचा पंप ज्याचा त्यानेंच ठेवावा. एकत्र घ्यावयाचा तो शिलकी ब्लोअर, सुटे पडदे, वेटोळीं, आणि मोटर त्वरित बांधून देणाऱ्या कारागिराशीं ठराव. हीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं लागणारीं साधनें आहेत व त्यांत सहकार शोभतो.

अनुदानाच्या तपासणीविषयीं एक मागणी संस्थेनें सरकारदरबारीं करावी असें आम्हांस वाटतें. टाक्या मोजणें सोपें असतें. दोन टाक्या कागदावर, दोन जाग्यावर, सही-शिक्का. आमच्या वेळच्या तपासण्याहि बहुतेक अशाच असत, हें आम्ही जाणतों. परंतु माशांच्या टाकीची तपासणी अशी व्हावी कीं अधिकाऱ्यानें मुख्य पंपाचा प्लग ओढावयास सांगावें, आणि घड्याळ हातांत धरून तासभर टाकीपाशीं बसावें. तेवढ्यांत दुसरी सोय चालू राहिली व मासे शांत राहिले तरच शेवटचा हप्ता मिळावा. प्रथम हें कांहींजणांस जाचक वाटेल. म्हणून त्याच मागणींत बॅटरी, हवेच्या दाबाची घंटा व अर्थिंग यांचा खर्च टाकीच्या मंजूर खर्चांत ठळकपणें निराळा दाखवावा, असेंहि मागावें. नाहींतर अंदाजपत्रकांतून पहिली कात्री त्यालाच लागते. संस्थेच्या चिटणिसांनीं हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, अशी विनंति आम्ही या लेखाबरोबर निराळ्या पत्रानें करीत आहोंत.